श्रीचं शेपूट

माज्या लेकरानं शिशाचा तुकडा गिळलाय का न्हाय, हे मला सकाळपासनं दुपार कलंपतोर कळत न्हवतं. त्या दिसाचं लिहिते. लेकरू तवा नऊ म्हैन्याचं व्हतं, खाली दोन दात आलेले, हाताला घावंल ते तोंडात.

आमी परंड्यात एका छापखान्याच्या मागल्या खोलीत ऱ्हायचो. हे तिथं जुळारी व्हते. जुळारी म्हंजी शिशाचे खिळे एकापुढं एक लावून मजकूर उभा करणारा. एका खिळ्यावर एक अक्षर, तेबी उलटं, कागदावर उठलं की सुलटं. मी शाळेत तिसरीपतोर गेले. त्यातलं एक वर्स उर्दूत गेलं, मंग निजाम गेला, मास्तर बदलला, पाटीवर मराठी आली, अन ती हातात पुरती बसायच्या आत लगीन झालं. राहिलेली अक्षरं म्या ह्यांच्या खिळ्यांवर शिकले, म्हणून मला अजूनबी उलटं लौकर वाचता येतंय अन सुलट्याला जरा येळ लागतो. लोक हसत्यात.

त्या साली मालकानं पुण्यावरनं नवा टाइप आणला. जुना टाइप साधा, रांगेत उभा केल्यावानी. ह्या नव्याला सगळे फ्यान्सी म्हणायचे. त्याची उभी दांडी मधी जाड अन बुडाला पावलावानी फाकलेली, जसं काय अक्षर पाय रोवून उभं ऱ्हायलंय. आडव्या रेघा बारीक, केसावानी. डोक्यावरच्या रेघेची दोन्ही टोकं मिशीवानी वळलेली. अन वेलांट्यांचं तर काय सांगू, काकडीच्या येलाला तणावा फुटतो तसं त्यांचं टोक वळून खिळ्याच्या अंगाच्या भाईर यायचं अन शेजारच्या अक्षरावर अधांतरी ऱ्हायचं. खाली आधार न्हाय. दिसायला तेच सगळ्यात देखणं, अन मोडायला बी तेच पैलं.

छापखान्यात एक म्हातारे चाचा व्हते. निजामाच्या टायमाला ते बोरूनं उर्दू मजकूर लिहायचे अन तो दगडावरनं छापायचा. सरकार बदललं, उर्दूचं काम आटलं, तवा चाचा इथं मशीन मारायला लागले. मराठी वाचताना अडखळायचे, पर अक्षर चांगलं का वाईट ते बघितल्या बघितल्या सांगायचे. नवा टाइप आला तवा त्यांनी एक खिळा उजेडाला धरला, लई येळ फिरवून फिरवून बघितला अन म्हणाले, "ये हर्फ लोणचं हाय. ताटात डावीकडं थोडंच वाढा."

कुणी ऐकलं न्हाय. एका नव्या कापड दुकानदारानं हट्ट धरला, सगळी जाहिरात पत्त्यासकट फ्यान्सीतच पायजे. दिली छापून. लोक हातात घ्यायचे, वा म्हणायचे, अन न वाचता घडी घालून खिशात टाकायचे. मंग एकदा देवी टोचायच्या नोटिशीचं वरचं नाव ह्यांनी फ्यान्सीत जुळवलं. बाया लेकरं नटवून, पावडर लावून आल्या, वाचता कुणाला येतंय, त्या अक्षराचा थाट बघून त्यांना वाटलं तंबूतला सिनेमा आलाय. सुई बघून लेकरं पळाली अन बाया ह्यांच्या नावानं बोटं मोडत गेल्या. तवापासनं ठरलं, फ्यान्सी फकस्त वरच्या ओळीला. लग्नाची पत्रिका, कुस्त्यांचा फड, दुकानाचं उद्घाटन. दुखवट्याच्या कागदाला कदीच न्हाय. चाचा म्हणायचे, हे अक्षर हसतंय, मयताच्या घरी हसत जाता येत न्हाय.

त्या टाइपात श्री एकच आलता. आख्खा श्री एका खिळ्यावर, माज्या अंगठ्यापेक्षा रुंद. तेच्या वेलांटीचं शेपूट सगळ्यात लांब, साळीच्या दाण्याएवढं, अन टोकाला गळावानी वळून अणकुचीदार. तालुक्यातल्या निम्म्या लग्नाच्या पत्रिकांवर तोच श्री.

त्या सकाळी हे रेल्वेनं आलेला कागद सोडवून आणायला कुर्डुवाडीला गेले. जायच्या आधी एका पत्रिकेची वरची ओळ, शाईनं काळी झालेली, आमच्या खोलीत आणून ठिवली अन म्हणाले, "धुवून ठिव, आल्यावर खणात टाकीन." दुसरं काय बोलले न्हाईत. एस्टीची घाई व्हती. टाइप छापखान्याच्या भाईर न्यायचा न्हाय असं मालकाचं सांगणं व्हतं, पर ह्यांच्या अंगावर काम लई, म्हणून आमी गुपचूप तसं करायचो.

लेकरू झोपलं व्हतं. म्या घासलेट अन ब्रश घेतला, एकेक खिळा घासला अन पोत्यावर वाळत घातला. श्री हातात आला तवा थांबले. बाकीची अक्षरं भुईवर चालत्यात. श्री भुईवर कसा ठिवायचा, पाय लागला तर. माज्या आईनं श्री लिहिलेला फाटका कागद बी आमाला कदी वलांडू दिला न्हाय. देवळीत देवापाशी ठिवावा तर घासलेटाचा वास. चुलीकडं खरकटं. मंग खोलीत चोखट जागा कोणती उरली, तर लेकराचं हातरूण. धुतलेलं धडोतं, अंगावर पिणारं लेकरू, तेला कसला इटाळ. म्या श्री फडक्यानं पुसला, कपाळाला लावला अन लेकराच्या उशाशी ठिवला. मनात म्हणलं, तेवढीच राखण.

घागरीतलं पाणी संपलं व्हतं म्हणून आडावर गेले. किती येळ, एक घागर भरायला लागंल तेवढाच. आले तर लेकरू उठलेलं, पालथं पडून मुठीत श्री धरलेला, लाळ गळतीया अन हिरड्यानं तेला रगडतंय. मला बघून हसलं. म्या खिळा वढून घेतला, पदरानं पुसला अन बघते तर शेपूट न्हाय.

मला वाटलं मीच उलटं धरलंय. फिरवून बघितलं. वेलांटी डोक्यावर येऊन तिथंच तुटलेली.

लेकराच्या तोंडात बोट घातलं, गालात, जिभेखाली, टाळ्याला. ते ओरडाया लागलं. उलटं धरलं, पाठीत थापट्या मारल्या, दूध ओकलं, ते दूध भुईवर बोटानं पसरून बघितलं. काय न्हाय. धडोतं झटकलं, उशीची शिवण उसवली, भुई हातानं चाचपली, केर पिठाच्या चाळणीनं चाळला. लेकरू रडलं की वाटायचं घशात टोचतंय, अन गप झालं की त्याहून भ्या वाटायचं. तेच्या पोटाला कान लावला. गुडगुड ऐकू आली. आता ह्यात शिसं हाय का न्हाय ते पोट कसं सांगंल.

सकाळी ह्यांनी ओळ दिली तवा शेपूट व्हतं का? आठवंना. शाईनं सगळं काळं व्हतं. घासताना तरी? घासताना म्या श्री म्हणून बघितला, शेपूट कुठं बघितलं.

लेकराला कडंवर मारलं अन तशीच छापखान्यात गेले. मालक शेताकडं गेलते. चाचा एकलेच रूळ पुसत बसले व्हते. मला येकदम लेकराचं बोलवंना.

"चाचा, श्रीचं शेपूट मोडलंय."

"मोडणारच. नाजूक हाय."

"कवा मोडलं ते कळंल का?"

चाचांनी खिळा भिंगाखाली धरला. "ताजं मोडलेलं शिसं चांदीवानी चमकतंय, जुनं काळं पडतंय. पर तू घासलंयस, बेटी. आता आख्खा खिळाच चमकतोय, मी कशावरनं सांगू." माज्याकडं बघितलं. "रडतीस कशाला? मालक काय फासावर देतोय का?"

"लेकराच्या तोंडात व्हता, चाचा."

चाचांनी भिंग खाली ठिवलं. लेकराला दारात उजेडात नेलं, हनवटी धरून तोंड उघडलं, आत बघितलं. लेकरानं त्यांची दाढी वढली.

"कुठं रगत न्हाय," ते म्हणाले. "पर गिळलं असंल तर वरनं दिसणार न्हाय. इथला डाक्टर आज खेड्यावर गेलाय, मी सकाळीच खोकल्याच्या औषिधाला जाऊन परत आलो. आतला फोटू काढायची मशीन बारशीला. तीनची गाडी हाय."

मी भुईवरच बसले. बारशी म्या एकदाच बघितलीय, लगनाच्या येळी. ह्यांना न सांगता, एकली, लेकराला घेऊन, अन तिथं फोटूत ते दिसलं तर काय करत्यात, पोट फाडत्यात का.

चाचा तेवढ्यात भिंतीला लटकवलेली तार काढून आणायला गेलते. छापलेल्या हरेक कामाचा एक कागद त्या तारंत ओवून ठिवायचे. त्यातनं त्यांनी त्या ओळीची पत्रिका काढली. वर श्री. अन शेपूट आख्खं, टोकापतोर वळलेलं, झोकात.

लेकरू उचलून मी उठलेच.

"ऐक," चाचा म्हणाले. "ही पैली प्रत. पैली चांगली उठती, म्हणून तीच तारंत घालत्यात. हिच्यावर शेपूट असणारच. शेवटल्या पत्रिकेवर हाय का बघ. ही छापली त्या दिशी मी तापानं घरी व्हतो, मशीन तुज्या नवऱ्यानं मारली, त्यामुळं मला बी ठावं न्हाय. मशीनीतच तुटलं असंल तर शेवटल्या पत्रिकांवर उठणार न्हाय, मंग लेकराच्या पोटात येईलच कुठनं. अन शेवटपतोर उठलं असंल, तर..." ते थांबले. "तर तीनची गाडी. मी येतो संगं. दुकान बंद करतो."

ती पत्रिका किल्ल्याच्या खंदकाकडंच्या एका मास्तरांच्या घरची व्हती. लेकीचं लगीन, चार दिसावर आलेलं. उरलेल्या पत्रिका त्यांच्याच घरी असायच्या. मी उन्हात तशीच गेले, पायात काय न्हाय. वाटंत लेकरू माज्या खांद्यावर मान टाकून गप झालं, म्या तेला चिमटा काढला, रडलं तवा बरं वाटलं. असली आई मी त्या दिशी व्हते.

मास्तरांच्या अंगणात बाया शेवया करत व्हत्या. खाटा आडव्या टाकून वरनं शेवया वाळत घातलेल्या. मी दारात उभी ऱ्हायले.

"काय गं," एक म्हणाली, "छापखान्यातलीच न्हवं तू? लगीन चार दिसावर हाय, आत्ताच जेवाया आलीस व्हय?"

"तिला उपाशी ठिवत असंल तो जुळारी. अक्षरं खायला घालतोय जणू."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं न्हाय अन रडू बी दाबलं. मास्तरांची आई वसरीवर बसलेली, तिनं हातानं गप केलं. "बस की पोरी. लेकरू उन्हानं लाल झालंय. काय काम काढलंस?"

"उरलेल्या पत्रिका बघायच्या व्हत्या."

"का? चुकलंय काय त्यात?"

चुकलंय म्हणलं तर काय व्हईल ते मला दिसत व्हतं. लगनाच्या पत्रिकेवर श्री मोडका, अन तेबी चार दिस आधी. म्हातारीनं अन्न सोडलं असतं. म्हणून खोटं बोलले. "चुकलं न्हाय, आत्या. शाई बरूबर बसलीया का बघून या, म्हणले हे."

"मंग नवरा का न्हाय आला बघाया?"

"कुर्डुवाडीला गेल्यात."

म्हातारीनं नवरीला हाक मारली अन पत्रिकांचा गठ्ठा आणाया लावला. नवरी मुलगी माज्याच वयाची असंल, हाताला हळदीच्या आधीचं तेल लावलेलं, कागदाला लागू नये म्हणून गठ्ठा कोपरानं धरून आली. पत्रिकांच्या कोपऱ्यांना कुंकू लावलेलं. म्या लेकराला मांडीवर घेतलं अन पैली उचलली.

शेपूट व्हतं.

दुसरी. व्हतं. तिसरी, चवथी, पाचवी. प्रत्येकीवर ते तणाव्यावानी वळलेलं, मी इतके दिस देखणं म्हणायची ते, अन आता मला ते गळावानी दिसाया लागलं. सहावी, सातवी. कुंकू बोटांना लागलं.

"एवढं काय बघतीस गं," ती मघाची बाई म्हणाली, "सगळ्या सारख्याच तर हायत."

मी गठ्ठ्याच्या तळाची वढली. तिच्यावर बी शेपूट. मंग मला कळंना गठ्ठा कसा लावलाय, कुणी पालथा केला का, मुलांनी इस्कटला का. सुरवातीच्या कुठल्या अन शेवटच्या कुठल्या हे कसं वळखायचं. आतल्या भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजत आल्ते. आता गठ्ठा टाकून मोटारस्टँडावर पळावं असं वाटाया लागलं. लेकरानं माज्या मांडीवरनं हात घालून मधल्याच दोन-तीन पत्रिका मुठीत धरून वढल्या, भुईवर पसरल्या. तेच्या हातातनं सोडवताना एक माज्याकडं तोंड करून पडली.

तिच्यावरच्या श्रीला शेपूट न्हवतं.

म्या ती उचलून सावलीत धरली. परत उजेडात धरली. वेलांटी डोक्यावर येऊन तिथंच तुटलेली, बरूबर जिथं खिळ्यावर तुटली व्हती तिथंच. तिच्याखालची बघितली. न्हाय. त्याखालची, न्हाय. तिथनं पुढं पंधरा-वीस पत्रिका लागून तसल्याच, बिनशेपटाच्या. एकदा मशीनीत तुटलं अन पुढं सगळ्या तशाच उठल्या.

मी गठ्ठा नीट लावला, कडा जुळवल्या. "शाई बरूबर हाय, आत्या," म्हणलं. म्हातारीनं चष्मा लावून एक पत्रिका बघितली, बिनशेपटाचीच तिच्या हातात गेली, माजा जीव परत वर. तिनं डोळ्यापाशी नेली, लांब धरली अन म्हणाली, "अक्षर मातर लई झोकदार हाय हो. गावात असली पत्रिका कुणाची झाली न्हवती." अन मला वाटीभर शेवया दिल्या.

चाचांना जाऊन सांगितलं. ते मोटारस्टँडावर जायला टोपी घालून तयार बसले व्हते. त्यांनी टोपी काढली अन दोन्ही हात तोंडावरनं फिरवले.

हे दिस मावळायच्या आधी आले. कागदाची गठडी उतरवली, पाणी पिले. म्या सगळं सांगितलं, उशाशी ठिवल्यापासनं, एका दमात, न थांबता. ते ऐकता ऐकता खाली बसले. मंग सदऱ्याच्या आतल्या खिशातनं कागदाची पुडी काढली अन माज्यापुढं उघडली. त्यात शेपूट.

"शंभर-सव्वाशे झाल्या तवा तुटलं," ते म्हणाले. "मशीनीच्या पाटावर घावलं. मालकाच्या भ्यानं कुणाला सांगितलं न्हाय. कुर्डुवाडीत सोनाराला इचारलं, डाग मारून बसंल का. तो म्हणला शिसं इरघळून जाईल."

"मंग सकाळी मला का सांगितलं न्हाय?"

"सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस."

म्या उसवलेली उशी त्यांच्यापुढं टाकली. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "अन ही उशी कशानं उसवली म्हणून म्या इचारलं असतं, तर तू तरी खरं सांगितलं असतंस का? उशाशी टाइप ठिवला म्हणून?" पुडीतलं ते टोक म्या बोटावर घेतलं. टोचत व्हतं.

दुसऱ्या दिशी आमी दोघं मालकापुढं गेलो. हे तोंड उघडंनात, म्हणून मीच बोलले, टाइप खोलीत नेला हे बी सांगितलं. मालकानं खिळा बघितला, पत्रिका बघितली. "लग्नघरी कुणाच्या ध्यानात आलं का?"

"न्हाय."

"मंग ऱ्हाऊ दे तसाच. चाचा, जरा कानस मारून टोक गोल करा."

खोलीत टाइप न्यायचा न्हाय, हे तेवढं जोरात बोलले. आता मी छापखान्यातच कोपऱ्यात बसून खिळे धुते, लेकरू चाचांपाशी. श्री धुवून झाला की चाचांच्या हातात देते, कुठं ठिवायचा ते त्यांनी बघावं.

तो श्री अजून चालूच हाय. चाचांनी टोक असं घासलंय की नव्या माणसाला वाटंल, हे अक्षर पैल्यापासनं असंच. शेजारी-पाजारी लगीन निघालं की पत्रिका येती, लोक उघडून मुहूर्त बघत्यात, नवरदेव कुठला ते बघत्यात. माजी नजर वर जाती, जिथं शेपूट न्हाय तिथं, अन मी पत्रिका हातात धरूनच लेकरू कुठं हाय ते बघाया उठते.